पुळणवाडीच्या उद्घाटनाला

पुळणवाडी कुठे आहे हे आधी सांगायला हवं. तिथे जाऊन आलो असं मी कंपनीत लिहून दाखवलं, तेव्हा दोघांनी ती रत्नागिरीत की सिंधुदुर्गात असं विचारलं होतं. ती दोन्हीकडे नाही. इंटरनेटवर एक दुनिया आहे. कॉम्प्युटरवर तिचा प्रोग्राम टाकून नाव नोंदवलं की आपल्याला एक बाहुला मिळतो. बाणांची बटणं दाबून त्याला चालवायचं. समोर जे बाकीचे बाहुले दिसतात, त्यांच्यामागेही आपापल्या घरी बसलेली खरी माणसं असतात. तिथे जमीन घेता येते, घर बांधता येतं, आणि समुद्र हवा तेवढा आहे. पुण्याच्या सुलभाताई, ज्या एरवी इमारतींचे नकाशे काढतात, त्यांनी तिथे एक बेट घेतलं आणि आम्हा पंधरा-सोळा मराठी माणसांना हाताशी धरून आठ महिन्यांत एक कोकणी गाव उभं केलं. त्याचं उद्घाटन रविवारी होतं. मी गुरुवारीच जाऊन पोहोचलो आणि चार दिवस राहिलो.

मी राहतो बदलापूर गावात, आईबरोबर. अंबरनाथला आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करतो. माझं नाव भरत आहे, आणि ते मला म्हणता येत नाही. मी अडखळत बोलतो. लहानपणापासून. 'भ' आला की ओठ मिटतात ते उघडतच नाहीत. 'ब' आणि 'प'ही कधीकधी अडतात. शाळेत हजेरीला माझ्या वतीने शेजारचा मुलगा 'हजर' म्हणायचा. दुकानात आई बोलते, डॉक्टरकडेही आईच बोलते. कंपनीत मी चिठ्ठ्या लिहितो.

त्या दुनियेत मात्र सगळं लिहून चालायचं. तिथे मी समीर होतो, आणि बडबड्या म्हणून प्रसिद्ध होतो. माझी बोटं जलद चालतात. कुणी एक वाक्य लिहीपर्यंत माझी चार झालेली असत. आम्ही तिथे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो. इथे ते देवनागरीत देतो आहे.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात सुलभाताईंचा निरोप आला. 'रविवारी पाच वाजता उद्घाटन. ज्याने जे बांधलं त्याने तिथे उभं राहून दोन-तीन मिनिटं माहिती सांगायची. आता आवाजाची सोय आली आहे, तेव्हा लिहायचं नाही, बोलायचं. समीर, तुमच्या मिठागरापासून सुरुवात करू या. तुम्ही तर काय, बोलण्यात सगळ्यांचे बाप.'

मी 'हो ताई, नक्की' असं उत्तर टाकलं. टाइप करायला काहीच वेळ लागला नाही. मग 'बोलायचं' हा शब्द पुन्हा वाचला.

गुरुवार, धक्का

पाहुण्यांनी गावात शिरायचं ते धक्क्यावरूनच, असं सुलभाताईंनी ठरवलं होतं. मी पोहोचलो तेव्हा पहिली दोन मिनिटं सगळं करडं होतं. आमच्याकडच्या लाईनीवर गाव एकदम येत नाही, उतरत उतरत येतं. आधी नारळाचे नुसते बुंधे आले, झावळ्या मागून आल्या. मग कौलं, मग देवळाची दीपमाळ, आणि सगळ्यात शेवटी पाणी. ते एकदा आलं आणि हलायला लागलं तेव्हा मी बराच वेळ काही न करता पाहत राहिलो. मी खरा समुद्र तीन-चार वेळाच पाहिला आहे. आमच्याकडे नदी आहे, आणि ती पावसाळ्यात घरात येते एवढाच तिचा आमचा संबंध.

आई चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"ही खाडी का?"

"स-समुद्र."

"वास नाय येत, ता बरा हाय." ती खाली वाकून मिठागराकडे पाहू लागली. ते मी बांधलेलं होतं. आईचं माहेर खाडीकाठचं, मिठावर जगलेलं. तिचे वडील, भाऊ सगळे मिठागरावर राबलेले. तिला विचारून विचारूनच मी एकेक वाफा घातला होता. "मीठ लई पांढरा केलास रं. पयला मीठ असा नसतंय. जरा मातकट कर."

मी रंग बदलला. ती 'हं' म्हणाली आणि गेली.

तेवढ्यात मी धक्क्यावरून पडलो. चहाचा कप ठेवताना कोपर बटणावर टेकलं आणि बाहुला सरळ चालत पाण्यात गेला. त्या दुनियेत माणूस बुडत नाही. तो तळाशी उभा राहतो आणि तिथे चालू लागतो. मी समुद्राच्या तळावरून, रिकाम्या वाळूतून, किनारा कुठल्या बाजूला आहे हे न कळता दहा मिनिटं हिंडलो.  रविवारला अजून तीन दिवस होते.

वर आलो तेव्हा धक्क्यावर तीन अनोळखी पाहुणे उभे होते. आमच्या गावात नवा माणूस दिसला की पारावरचे विचारतात, "कोनाचा तू?" मग स्वतःचं नाव, बापाचं नाव, आळी, सगळं तोंडाने सांगावं लागतं. त्या प्रश्नाच्या भीतीने मी कितीतरी लग्नांना गेलेलो नाही. पुळणवाडीत तसं कुणी विचारत नाही. माणसावर माऊसचा बाण नेऊन दाबलं की त्याच्या नावाची पाटी उघडते. आडनावही त्या दुनियेने दिलेल्या यादीतून उचललेलं, त्यामुळे त्यावरून कुणाचं काही कळत नाही. तिघांनी माझी पाटी वाचली, हात हलवला आणि ते देवळाकडे गेले. इतकं सोपं. रविवारनंतर हे सोपं राहणार नाही, असं मनात आलं आणि मी लवकरच प्रोग्राम बंद केला.

शुक्रवार, वाडीत

आमच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारची. सकाळी आठलाच जाऊन बसलो.

गाव सजत होतं. कुणी अंगणात रांगोळी टाकत होतं, कुणी बोटींना पताका बांधत होतं. सुलभाताईंनी प्रत्येकासाठी एक भेटीचा खोका ठेवला होता, त्यात कपडे होते. मी तो उघडला आणि वाडीतून मिठागराकडे निघालो. वाटेत नाना भेटले.

नाना हे निवृत्त गृहस्थ, लाँचवर इंजिनाचं काम केलेले, आता मुलीकडे राहतात. आमच्या बोटी त्यांनीच बांधल्या. फार समजूतदार माणूस, पण एका बोटाने टाइप करणारे, आणि मध्येच चुकून एंटर दाबायची सवय. त्यामुळे त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येई आणि दोन तुकड्यांच्या मध्ये चहा पिऊन होई.

'समीर तुझ्या डो' असं आलं.

'डोक्यात काय चाललंय? रविवारच्या भाषणाचंच,' मी लगेच लिहिलं.

'नाही रे डोक्या'

'डोक्याला ताप झालाय खरा. कालपासून वाफ्यांची पातळीच जमत नाही.'

'वर'

'वरच्या अंगाला ना? हो, तिथेच. मी बघतो.'

बराच वेळ काही आलं नाही. त्यांचा बाहुला हात हवेत हलवून टाइप करत उभा होता. मी तेवढ्यात पुढे निघालोसुद्धा. मग एकदम आलं, या वेळी तुटक न होता, म्हणजे त्यांनी फार जपून लिहिलं असणार:

'थांब. दर वेळी माझं वाक्य तू पुरं करतोस. चुकीचं करतोस. तुझ्या डोक्यावर खोका आहे.'

होता. भेटीचा खोका मी उघडण्याऐवजी डोक्यावर चढवला होता आणि तसाच अख्ख्या वाडीतून आलो होतो. तो काढला, हसण्याच्या दोन खुणा टाकल्या. पण मला हसू येत नव्हतं. माझं वाक्य दुसऱ्याने पुरं करणं, तेही चुकीचं, आणि ते चुकलंय हे सांगण्याइतका दम आपल्यात उरलेला नसणं, हे मी एकतीस वर्षं सोसलं होतं. भाजीवाली करते, मामा करतो, लॅबचे साहेब करतात. मला फ्लॅट स्टेशनजवळ हवाय की बारवी रोडला, यावर एका एजंटाने माझंच वाक्य तीन वेळा पुरं केलं होतं आणि शेवटी मी मान डोलावून भलतीकडचीच, चिखलोलीची जागा बघून आलो होतो. आणि आठ महिने मी या म्हाताऱ्या माणसाला तेच करत होतो.

'चुकलं माझं, नाना,' मी लिहिलं.

उत्तर यायला वेळ लागला. मी हात मांडीवर ठेवून बसलो. 'चालतं,' आलं. आणखी काही वेळाने: 'बोंबील खायला चल.'

खानावळीत केळीच्या पानावर तळलेले बोंबील आणि सोलकढीचा पेला होता. पानाला बाण लावला की बाहुला जेवायला बसतो. हात तोंडाकडे जातो, पण पान भरलेलंच राहतं, त्यामुळे उठावं कधी ते समजत नाही. माझ्यापुढे टेबलावर आईने तांदळाची भाकरी, सुकट आणि वालाचं बिरडं आणून ठेवलं होतं. बाहुला बोंबील खात होता, मी सुकट. नाना लिहीत होते, मी वाट बघत होतो. वाट बघायला अवघड जात होतं, हे खरं सांगतो.

अकरा वाजता सुलभाताईंनी आवाजाची चाचणी ठेवली. ज्यांच्याकडे माइक होता ते एकेक करून बोलले. बोलणाऱ्याच्या डोक्यावर एक पांढरा ठिपका येतो आणि शब्दांबरोबर त्यातून हिरव्या लाटा निघतात. ज्यांना आठ महिने फक्त वाचलं होतं, त्यांचे आवाज ऐकताना अंगावर काटा आला. नानांचा आवाज भरदार, एका दमात चार वाक्यं म्हणणारा. इतका बोलका माणूस, आणि आम्ही त्याला मंद समजत होतो. सुलभाताईंचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा स्वच्छ.

"समीर, आता तुम्ही."

'माझ्याकडे माइक नाही,' मी टाइप केलं.

"मग उद्या घ्या की. तुमच्याजवळ उल्हासनगर आहे, तिथे काय मिळत नाही?" सगळे हसले. हसण्याच्याही हिरव्या लाटा निघतात.

शनिवार, उल्हासनगर

पहिली पाळी संपल्यावर उल्हासनगरला उतरलो. तीन नंबर कॅम्पात कॉम्प्युटरच्या सामानाचं एक अरुंद दुकान आहे, तिथे गेलो, कारण तिथे माल बाहेरच टांगलेला असतो आणि बोटाने दाखवता येतो. माइकवाला हेडफोन दाखवला. दुकानदार सिंधी, पन्नाशीचे, गळ्यात चष्म्याची दोरी. मला वाटलं होतं डब्यात घालून देतील. पण माणूस सचोटीचा निघाला.

"चेक करून घ्या, साईं. नंतर रिटर्न नाही." त्यांनी वायर आपल्या मशीनला जोडली आणि हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. "बोला काहीपण. नाव बोला."

मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती. मी तोंड उघडलं. 'भ'वर ओठ मिटले. मान ताठली. रेकॉर्डिंगचा काटा शून्यावरच पडून होता.

"आवाज नाय येत," ते स्वतःशीच म्हणाले. वायर काढली, फुंकली, परत लावली. "अब बोलो." पुन्हा तेच. "पीस खराब है. चायना का माल, काय करणार." त्यांनी दुसरा डबा फोडला. दुसऱ्या खेपेला ओठांतून थोडी हवा सुटली आणि काटा जरासा हलून पडला. "हा पण गेला. कटिंग होतंय."

मला नुसतं एवढंच म्हणायचं होतं की माल चांगला आहे, बिघाड माझ्यात आहे. तेही म्हणता येईना. तिसऱ्या डब्याला मी डोळे मिटून "एक, दोन, तीन" म्हटलं. हे शब्द मला सोपे जातात. काटा नाचला. ते खूश झाले. "देखा? हा एकदम ओके." पहिले दोन त्यांनी बाजूच्या टोपलीत टाकले. सप्लायरला परत जायचे होते.

बाहेर आलो, पिशवी छातीशी धरून चालत राहिलो. चुकून स्टेशनाच्या उलट्या दिशेने फर्निचरवाल्यांच्या रांगेपर्यंत गेलो तेव्हा लक्षात आलं. त्या टोपलीतल्या दोन डब्यांनी माझी झोप घालवली. दुसऱ्याच्या चांगल्या मालावर मी खोटा शिक्का मारून आलो होतो, तोंड न उघडता.

रविवार

सकाळच्या पाळीत रंग घोटायच्या मशीनजवळ उभा राहून भाषण म्हणून पाहिलं. तिथे इतका आवाज असतो की आपलं आपल्यालाच ऐकू येत नाही. भाषण छोटंच होतं. अडचण एका शब्दाची होती: भरती. मिठागर सांगायचं तर भरती आल्याशिवाय पाणीच आत येत नाही. मी 'मोठं पाणी' करून पाहिलं, 'समुद्र चढतो तेव्हा' करून पाहिलं. पण मग ते आईचं वाक्य राहत नव्हतं. आई म्हणाली होती, "भरतीचा पानी दारातशी आत घ्याचा, आन् ओहोटी लागाच्या आत दार लावाचा." ते वाक्य माझ्या भाषणाचा कणा होतं.

साडेतीनला घरी आलो. चार वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.

भारनियमनाचं वेळापत्रक मी आठवडाभर आधी पाहून ठेवलं होतं. त्यात ही वेळ नव्हती. पंखा थांबला, कॉम्प्युटर काळा झाला, आणि माझ्या अंगातून आठवडाभराचा ताप उतरल्यासारखं वाटलं. मी कॉटवर आडवा झालो. आता कुणी काही म्हणू शकत नव्हतं. उद्या लिहायचं, लाईट गेली होती. महाराष्ट्रात कुणाला ते खोटं वाटलं नसतं, आणि खोटं नव्हतंच.

आई वाल सोलत दारात बसली होती. "आज तू मिठाचा सांगनार व्हतास ना रं?"

"ला-लाईट गेली."

"मंग कोन सांगल?"

"ताई व-वाचतील. लिहून दिलंय त्यांना."

"तिला काय म्हाईत मिठाचा?" आई म्हणाली. रागाने नाही, तिला खरंच प्रश्न पडला होता. "तिचे बापसानं वाफा तुडवलाय का?" आणि ती पुन्हा वाल सोलू लागली.

मी पाच-दहा मिनिटं तसाच पडून राहिलो. मग हेडफोन पिशवीत टाकला आणि निघालो.

स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत जनरेटर आहे. त्या दुनियेत मी पहिल्यांदा शिरलो ते तिथूनच, आणि कोपऱ्यातल्या मशीनवर तो प्रोग्राम अजून होता. पण जुना होता. आवाजासाठी नवा उतरवावा लागणार, असं पडद्यावर आलं. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. मी तिच्याकडे बघत बसलो. पाच वाजायला बारा मिनिटं होती आणि पट्टी अर्ध्यावर होती. ती लवकर भरावी असंही वाटत होतं आणि कधीच भरू नये असंही. शर्ट पाठीला चिकटला होता.

कॅफेत सहा मशीनं, मध्ये प्लायवूडचे आडोसे. दोन मुली कसलासा फॉर्म भरत होत्या. दाराशी बाकावर एक वयस्कर गृहस्थ कागद छापून मिळण्याची वाट पाहत बसले होते. मालक रेडिओ ऐकत होता.

पट्टी भरली तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

मी धक्क्यावर उतरलो. या मशीनवर गाव एकदम दिसलं. सूर्य सुलभाताईंनी समुद्रावर टेकवून ठेवला होता. तिथला सूर्य मालकाला हवा तिथे थांबवता येतो. मिठागराच्या बांधावर तीसेक माणसं जमली होती, आणि सुलभाताई बोलत होत्या, "समीर अजून दिसत नाहीत, तर आपण… अरे, आले. या. तुमचीच वाट पाहतोय."

मी बाहुल्याला बांधावर नेऊन उभं केलं. हेडफोन चढवला. बोलण्याचं बटण दाबलं.

"नमस्कार," मी म्हणालो. "हे मिठागर आहे. माझ्या आईचं माहेर असंच होतं." हिरव्या लाटा निघाल्या. आवाज माझाच होता आणि तो सरळ चालला होता. क्षणभर वाटलं, आपण उगाचच घाबरलो. "दिवाळीनंतर वाफ्यांतलं पावसाचं पाणी काढतात. मग तळ पायांनी तुडवतात, अगदी फरशीसारखा घट्ट होईपर्यंत. मग…"

मग भरती आली, आणि ओठ मिटले.

हेडफोनमध्ये शांतता. डोक्यावर नुसता पांढरा ठिपका. पडद्यावर खाली ओळी येऊ लागल्या. 'आवाज गेला.' 'नेट गेलं वाटतं त्यांचं.' 'समीर, बाहेर जाऊन परत या.' 'माइकची वायर बघा.' कॅफेच्या मालकाला वाटलं रेडिओचा अडथळा होतोय, म्हणून त्याने तो बंद केला. आता कॅफेतही शांतता झाली. "भ," मी म्हणालो, "भ-भ-भ," आणि पुन्हा बंद. मुलींच्या की-बोर्डचा आवाज थांबला. पडद्यावर कुणीतरी लिहिलं, 'सीडी अडकली,' आणि पुढे हसरा चेहरा. कुणाच्या तरी डोक्यावर हसण्याच्या लाटा आल्या.

"समीर," सुलभाताई म्हणाल्या, "लाईन खराब दिसतेय. तुमचं लिहिलेलं माझ्याकडे आहे. मी वाचून दाखवू का?"

त्या मनापासून म्हणाल्या. नुसतं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. लाईनीने सगळं आपल्या अंगावर घेतलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर ती टोपली आली, तिच्यातले ते दोन डबे.

"न-नको," मी म्हणालो. "लाईन चांगली आहे. माइक प-प-पण चांगला आहे. मीच असा बोलतो. वे-वेळ लागेल."

 मी पुढे गेलो. भरतीवर किती वेळ थांबलो मला माहीत नाही. मान दुखायला लागली होती, हेडफोनची वायर मी बोटाला गुंडाळली होती. शेवटी तो शब्द निघाला, फाटका, पण निघाला. "भरतीचं पाणी दारातून आत घ्यायचं, आणि ओहोटी लागायच्या आत दार लावायचं." मग पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं जातं, कसं दाट होतं, मीठ कसं तळाला धरतं, आणि उरलेलं पाणी कसं सोडून देतात, ते सगळं सांगितलं. तीन मिनिटांचं भाषण, त्याला बरंच जास्त लागलं. मधल्या वेळात काही बाहुले नाहीसे झाले. गर्दीतली रिकामी जागा मला दिसत होती आणि ती दिसली की पुढचा शब्द आणखी अडायचा. नाना बांधाच्या कडेला बसून होते. त्यांनी मध्ये एक अक्षर टाइप केलं नाही, की माइकवर खाकरले नाहीत.

"झालं," मी म्हणालो.

टाळ्या झाल्या.  सुलभाताई म्हणाल्या, "धन्यवाद, समीर. खूप… धन्यवाद. चला, आता बोटींकडे जाऊ या." माणसं निघाली. नाना उठले.

"पोहोचला आवाज," ते आपल्या भरदार आवाजात म्हणाले. "सगळा पोहोचला." आणि बोटींकडे गेले, कारण पुढची पाळी त्यांची होती.

मी त्यांचं सांगणं ऐकलं, मग प्रोग्राम बंद केला. हेडफोन काढला तेव्हा कान ओले झाले होते. कॅफेत मागे वळून बघायचा धीर होत नव्हता. इथे कुणाला समीर दिसला नव्हता, गाव दिसलं नव्हतं. एक माणूस भिंतीकडे तोंड करून इतका वेळ एकेका अक्षराशी झगडताना सगळ्यांनी फक्त ऐकला होता. उठलो, मान खाली घालून दाराकडे निघालो.

बाकावरच्या गृहस्थांचे कागद केव्हाच छापून हातात आले होते. तरी ते गेलेले नव्हते. माझी वाट अडवून ते उभे राहिले.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "मीठ धरल्यावर उरलेलं पाणी सोडून देतात म्हणालात. ते का? त्यात पण मीठच असेल ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खरोखरच उत्तराची वाट बघत होते. मी दारातच थांबलो आणि सांगायला लागलो, की ते पाणी क-कडू असतं, त्यातून खाण्याचं मीठ आधीच निघालेलं असतं आणि वेगळे क्षार उरतात, तसंच ठेवलं तर ते चांगल्या मिठालाही कडू करतं. आईचे वडील बोट बुडवून, चव घेऊन ठरवायचे कधी सोडायचं ते. यात दोन ठिकाणी मी फार वेळ अडलो. मागून एक मुलगी बाहेर जायला आली, तिला वाट देण्यापुरते ते बाजूला झाले आणि परत समोर येऊन उभे राहिले.

"असं होय," ते म्हणाले. थोडा विचार केला. "आणि चव घेऊन समजलं नाही तर? मग काय करायचे?"